हेराच्या घरात कोणाला काय ठाऊक असतं?

‘द फॅमिली मॅन’सारखी हेरगिरीची मालिका पाहून झाली की घरात चर्चा रंगते: एवढं सगळं बायकोपासून लपत असेल? एकाचं म्हणणं, सख्ख्या बायकोपासून काही लपत नाही. दुसऱ्याचं, हेर तो हेरच, घरच्यांना थांगपत्ता लागू देणार नाही. उघडकीस आलेली प्रकरणं पाहिली तर दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं ठरतं.

गैरसमज १ : हेराच्या जोडीदाराला काहीच माहीत नसतं.

वस्तुस्थिती : हेर कोणत्या प्रकारचा, यावर ते अवलंबून आहे. गुप्तचर संस्थेचे पगारी अधिकारी बऱ्याचदा दूतावासातले कर्मचारी म्हणून परदेशी जातात, तेही बायकामुलांसह. सीआयएचे अनेक माजी अधिकारी सांगतात की नोकरी कुठे आहे हे जोडीदाराला ठाऊक असतं; मुलांना ती जाणती झाल्यावर सांगतात. लपवायचं असतं ते रोजचं काम : आज कोणाला भेटलो, हाती काय लागलं.

खोट्या नावाने शत्रूच्या देशात राहणाऱ्याची गोष्ट निराळी. इस्रायलचा एली कोहेन दमास्कसमध्ये कामेल अमीन साबेत या नावाने श्रीमंत व्यापारी म्हणून वावरत होता. नवरा सरकारी कामासाठी परदेशी असतो, एवढंच त्याची बायको नादिया हिला सांगितलेलं होतं. खरं उघड झालं ते १९६५ मध्ये, तो पकडला गेल्यावर.

गैरसमज २ : घरात तपास यंत्रणेतलं माणूस असेल तर हेर लगेच सापडतो.

वस्तुस्थिती : आना मॉन्टेस अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेत क्यूबाविषयीची तज्ज्ञ होती आणि सुमारे १६ वर्षं क्यूबासाठीच हेरगिरी करत होती. तिचा भाऊ एफबीआयमध्ये होता. धाकटी बहीणही एफबीआयमध्ये भाषांतरकार होती आणि मायामीतलं क्यूबन हेरांचं जाळं उघड करण्याच्या कामात तिचा हातभार होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आना कार्यालयातून कागद बाहेर नेत नसे. मजकूर पाठ करायची आणि घरी येऊन संगणकावर उतरवायची. २१ सप्टेंबर २००१ ला तिला अटक झाली, तेव्हाच भावंडांना खरं कळलं.

गैरसमज ३ : मुलांना कधी ना कधी संशय येतोच.

वस्तुस्थिती : मुलांना जे घर मिळतं, तेच त्यांच्या लेखी खरं असतं. आर्तेम आणि आना दुल्त्सेव हे रशियन जोडपं स्लोव्हेनियाच्या राजधानीत अर्जेंटिनाचे नागरिक म्हणून राहत होतं. घरात बोलणं स्पॅनिशमध्ये. डिसेंबर २०२२ मध्ये दोघांना अटक झाली. १ ऑगस्ट २०२४ ला कैद्यांची अदलाबदल झाली आणि हे कुटुंब मॉस्कोकडे निघालं. आपण रशियन आहोत हे त्या दोन मुलांना विमानात कळलं. मोठी मुलगी तेव्हा ११ वर्षांची होती. त्यांना रशियन येत नव्हतं, म्हणून पुतिन यांनी विमानतळावर त्यांचं स्वागत स्पॅनिशमध्ये केलं. आपले आईवडील नक्की कोण, हा प्रश्न त्या वयात पडावा, याचं मला फार वाईट वाटतं.

गैरसमज ४ : घरात कळलं की हेरगिरी थांबते.

वस्तुस्थिती : एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन सोव्हिएत संघाला माहिती विकत होता. १९८० च्या सुमारास बायकोने त्याला घरातच संशयास्पद कागदांसह गाठलं. बिनकामाची माहिती देऊन पैसे उकळतोय, असं त्याने तिला सांगितलं. तिच्या आग्रहावरून त्याने पाद्र्याकडे कबुली दिली आणि पुन्हा असं न करण्याचा शब्दही दिला. काही वर्षांतच त्याचं काम पुन्हा सुरू झालं. अटक झाली ती थेट २००१ मध्ये. बायकोने विश्वास ठेवला. त्याच विश्वासाचा त्याने आडोसा केला.

जॅक बार्स्कीचं उलट झालं. केजीबीचा हा माणूस अमेरिकेत संसार थाटून बसला होता. १९९७ मध्ये स्वयंपाकघरात भांडण चालू असताना त्याने बायकोला खरं सांगून टाकलं. त्या घरात एफबीआयने आवाज टिपणारी यंत्रं बसवलेली होती. लपवाछपवी इतकी वर्षं टिकली, आणि बायकोला सांगितलेलं एक खरं वाक्य एफबीआयला पुरावा म्हणून मिळालं.

म्हणजे गुपित टिकतं ते वेषांतरामुळे किंवा हुशारीमुळे कमी, घरच्यांच्या भरवशामुळे जास्त. ‘उशीर होईल’ असं सांगून कोणी बाहेर पडलं, तर आपण चौकशी करत नाही, ताट झाकून ठेवतो. हेराचं घरही असंच चालतं. किंमत मात्र ताट झाकून ठेवणाऱ्याला मोजावी लागते. एली कोहेनला १८ मे १९६५ ला दमास्कसमध्ये भर चौकात फाशी दिली. नादियाने पुढची कित्येक दशकं नवऱ्याचं पार्थिव परत मागितलं. जिला सगळ्यांत कमी सांगितलं होतं, तिलाच सगळ्यांत जास्त काळ वाट पाहावी लागली.