वाघाला पट्टे कशासाठी?

वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो, अशी आपली म्हण. परंतु खाण्यापूर्वी त्यास भक्ष्याच्या अगदी जवळ पोहोचावे लागते, हे आपण सहसा ध्यानी घेत नाही. लांबवर पाठलाग करणे त्याला जमत नाही. दबा धरायचा, आडोशाने पुढे सरकायचे आणि अखेरच्या टप्प्यात झेप घ्यायची, ही त्याची रीत. चितळाने वेळीच पाहिले, तर उपवास ठरलेला! मग अशा प्राण्याला निसर्गाने एवढा भडक नारिंगी रंग का द्यावा?

याचे उत्तर वाघाच्या कातड्यात कमी आणि हरणाच्या डोळ्यांत अधिक आहे. रंग ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या डोळ्यांत तीन प्रकारच्या, तर हरणाच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या असतात. त्यामुळे नारिंगी आणि हिरवा यांतील भेद हरणास उमगत नाही. वाघ त्याला झाडोऱ्याच्याच रंगाचा भासतो. राहता राहिली आकृती. ती मोडण्याचे काम पट्टे करतात. उंच गवतातील ऊनसावलीच्या उभ्या रेषांत त्या काळ्या रेषा मिसळल्या, की वाघाचे शरीर कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हेच नजरेला कळेनासे होते.

हे पट्टे केवळ केसांवर नसतात. केस काढले तरी खालच्या कातडीवर ते दिसतात. त्यांची आखणी कशी होत असावी? ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५२ साली असे मांडले, की दोन रासायनिक द्रव्ये परस्परांवर क्रिया करीत निरनिराळ्या वेगाने पसरू लागली, तर एकसारख्या पृष्ठभागावरही ठिपके वा पट्टे आपोआप उमटू शकतात. मांजराच्या गर्भावरील २०२१ सालच्या संशोधनात, केस उगवण्यापूर्वीच त्वचेत असा आराखडा तयार होतो, असे आढळून आले.

या आखणीत दोन वाघ कधीही सारखे निघत नाहीत. एकाच वाघाची डावी कूसही उजवीसारखी नसते. पूर्वी वाघ मोजले जात ते पावलांच्या ठशांवरून. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ होते. जंगलात मात्र एकही उरला नाही, हे २००५ साली उघड झाले. त्यानंतर देशभर छायाचित्रांतील पट्ट्यांवरून गणना होऊ लागली. कर्नाटकातील नागरहोळे येथे डॉ. उल्लास कारंत यांनी ती पद्धत १९९० नंतरच्या दशकातच रुजविली होती.

पट्ट्यांत आणखीही एक वार्ता असते. १९५१ साली रीवाच्या जंगलात पांढरा बछडा सापडला. महाराजा मार्तंडसिंह यांनी त्यास गोविंदगढच्या वाड्यात ठेवले, नाव 'मोहन'. त्याच्या अंगी तांबूस-पिवळा रंग नव्हता, पट्टे मात्र होते. पांढरी पिल्ले मिळावीत म्हणून त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधेशी, लावण्यात आली. पुढेही निकटच्या नात्यातच पैदास होत राहिली आणि त्या वंशात तिरळेपणासारखी व्यंगे दिसू लागली. ओडिशातील सिमलीपालमध्ये हाच प्रकार माणसाच्या इच्छेवाचून घडला आहे. तेथील 'काळे' वाघ म्हणजे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले वाघ. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिले, की याच्या मुळाशी एका जनुकातील बदल आहे. तो इतरत्र अत्यंत दुर्मीळ. येथे मात्र सुमारे ३७ टक्के वाघ काळे आढळले. कारण हे वाघ इतर जंगलांपासून तुटले आहेत आणि त्यांचे सोयरसंबंध आपसांतच होतात.

आपले वाडवडील सगोत्र विवाह टाळीत. वाघालाही परगावचे स्थळ हवे असते आणि त्यासाठी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याची वाट मोकळी असावी लागते. पांढऱ्या वा काळ्या वाघाचे कौतुक मुलांना जरूर सांगावे. मात्र ते नवल कशातून उपजले, हेही त्यासोबत सांगावे, असे आम्हांस वाटते.