सरकीचा हिशेब आणि कंपनीचा कर

कंपनीचा आयकर म्हटला, की मुंबईतल्या उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. मी मात्र हा कर अकोला-अमरावतीच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या गंजीशेजारी बसून ओळखला. जिनिंग-प्रेसिंगच्या कंपन्यांच्या वह्या तपासण्यात माझी उमेद गेली.

१९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार योजना आली. सरकार कापूस घेई, जिनिंगवाल्याला रुई काढण्याची मजुरी मिळे. मजुरीत दडवणार किती? २००२ नंतर खासगी खरेदी मोकळी झाली आणि वह्यांना खरा रंग चढला.

एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, ६३-६४ किलो सरकी, बाकी कचरा आणि घट. यालाच आपण उतारा म्हणतो. आता १० हजार क्विंटल कापसावर उतारा ३४ ऐवजी ३३ दाखवला, तर १० हजार किलो रुई वहीतून नाहीशी होते. १७० किलोची एक गाठ धरा. जवळपास ५९ गाठी झाल्या! त्या रोखीने विकल्या, की नफा कमी आणि करही कमी. म्हणून अधिकारी आधी उतारा पाहतो, मग वीजबिल. वही काही म्हणो, रेचे जितके फिरले तितके युनिट पडतातच.

दुसरी वाट खरेदीची. एका दिवसात एकाच माणसाला १० हजारांवर रोख दिले, तर तो खर्च कायदा धरत नाही. ही मर्यादा २०१७ पूर्वी २० हजार होती. पण पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडून घेतलेल्या मालाला सूट आहे, आणि ती हवीच. कापूस विकून आलेल्या माणसाला घरी जाताना हाती पैसा लागतो. गोम अशी, की व्यापाऱ्याकडून घेतलेला कापूसही मग शेतकऱ्याच्या नावावर चढतो. कधी कधी तर त्या शेतकऱ्याला आपण इतका कापूस विकला याचा पत्ताच नसतो. नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा जीएसटी खरेदीदारालाच भरावा लागतो. त्यामुळे बाजार समितीची पट्टी, जीएसटीचे विवरणपत्र आणि आयकराची वही यांचा ताळा आता बसावा लागतो. माझ्या मते धाडींपेक्षा या ताळ्यानेच अधिक काम केले.

पूर्वी अधिकारी गावातलाच. त्याला कापूस कळे. पण तो मालकालाही ओळखे, आणि ओळखीचे काय होते ते सांगायला नको. २०२० पासून चेहराविरहित तपासणी आली. फाइल संगणक कुठल्याही शहरात पाठवतो. ओळख संपली हे चांगलेच झाले. पण कापसाची ओळखही संपली.

एका कंपनीचा उतारा ३२ वर आला होता. दूरच्या अधिकाऱ्याने विचारले, दोन किलो गेले कुठे? प्रश्न रास्त होता. त्या वर्षी कंपनीने फरदडीचा कापूस फार घेतला होता आणि उशिराच्या वेचणीच्या त्या मालाला रुई कमी. हे आम्ही लिहून कळवले, तारखांसह पट्ट्या जोडल्या. जेवढ्या मालाच्या तारखा जुळल्या तेवढा त्याने मान्य केला. बाकीची रक्कम उत्पन्नात धरली, कारण वहीत सगळा कापूस एकत्रच लिहिलेला होता. चूक आमचीच होती.

पुढच्या हंगामात त्या मालकाने फरदडीची गंजी वेगळी घातली आणि वहीत तिचे पानही वेगळे ठेवले.