सार्थ ज्ञानेश्वरीची निवड

यमुनेपलीकडील मयूर विहारात एखादी मराठी आजी दिल्लीतच वाढलेल्या नातीसाठी ज्ञानेश्वरी घ्यावयाची म्हणते, तेव्हा प्रश्न उभा राहतो तो प्रतीचा. ग्रंथ शके १२१२चा. पुढे त्यात अपपाठ शिरले, म्हणून एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे इ. स. १५८४च्या सुमारास, त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ साली, एकनाथपूर्व म्हणून, निराळी संहिता छापली. भाषेच्या अभ्यासकाला ती मोलाची. नातीला दिल्यास मात्र फडताळातच राहावयाची!

तिला ओवीगणिक अर्थ हवा. ज्ञानेश्वरीत ‘परि’ म्हणजे पण, आणि ‘कां’ म्हणजे पुष्कळदा किंवा. अनोळखी शब्द निदान थांबवितो. असे ओळखीचे शब्द मात्र मराठी येणाऱ्यालाही बेमालूम चकवितात. शं. वा. दांडेकर हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि वारकरीही. त्यांची १९५३ची सार्थ प्रत अशा घराला सोयीची. तरी घेण्यापूर्वी बारावा अध्याय उघडावा. तो लहान आहे. आजीने ओवी वाचावी, नातीने अर्थ. अर्थ कळल्यावर नातीला ओवी स्वतः वाचावीशी वाटली, तर ती प्रत घ्यावी.