एका सदऱ्यात साडेचार कोटी

तेरणेकाठच्या तेरला लोक जातात ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावाचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याची नोंद आहे: भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, पैठणपासून पूर्वेला तगर आणखी दहा दिवसांवर, आणि तिथून गाड्या भरभरून भडोचला येतं ते सुती कापड, साधं आणि तलमही. महिनाभराच्या त्या वाटेवर किती लांबीचा कापूस जात असेल? हिशेबाला बसलो आणि गरगरलो.

हातात एकच बोंड घ्या. आत तीसेक सरक्या, एकेकीवर पंधरा हजारांच्या घरात तंतू. झाले साडेचार लाख! यातला प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, तीनेक आठवड्यांत ताणून 28 मिलिमीटर झालेली, स्वतःच्या जाडीच्या जवळपास दोन हजार पट. सगळे टोकाला टोक जोडले तर साडेबारा किलोमीटर भरतील. रुईचं वजन मात्र जेमतेम 2 ग्रॅम. शंभर बोंडांचा 200 ग्रॅमचा सदरा म्हणजे साडेचार कोटी तंतू, साडेबाराशे किलोमीटर. आजीचं अर्ध्या किलोचं नऊवारी तर तीन हजारांपलीकडे जातं. भारताची दक्षिणोत्तर लांबी 3,214 किलोमीटर. लुगडं जरा घट्ट विणीचं असलं, तर देश अपुरा पडेल.

दमट हवेत 100 ग्रॅम कापूस साडेआठ ग्रॅम ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. मे महिन्यात सुती सदरा घाम पितो आणि दुसरा पाठीला चिकटतो, तो यामुळेच.

तरी 2023 साली जगात तयार झालेल्या 12.4 कोटी टन तंतूंपैकी 57 टक्के पॉलिएस्टर होतं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने 2016 मध्ये मोजलं: पॉलिएस्टरच्या कपड्यांची 6 किलोची एक धुलाई, आणि पाण्यात सुमारे 4,96,000 तंतू. अख्ख्या बोंडाहून जास्त, तेही न कुजणारे.

कापूसही काही संत नव्हे. एका टी-शर्टमागे 2,700 लिटर पाण्याचा अंदाज सांगतात, आणि पाण्याची चणचण धाराशिवला नवी नाही. जिल्ह्यात खरिपात आता राज्य सोयाबीनचं.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात खापरं आहेत, मणी आहेत, मातीच्या मूर्ती आहेत. गाड्या भरून जाणारं ते कापड मात्र काळ्या रानाने केव्हाच खाऊन टाकलं.