नद्यांनी रचलेली भूमी

ग्वाल्हेरहून आग्र्याकडे निघालेली गाडी मुरैना मागे टाकून चंबळेच्या पुलाजवळ आली, की दोन्ही बाजूंस मातीच्या उंच कडा व खोल घळी दिसू लागतात. हेच ते बीहड. आम्हां ग्वाल्हेरकरांना त्यांची ओळख दरोडेखोरांच्या कथांतूनच अधिक! परंतु त्या कडा नीट न्याहाळल्या, तर थरावर थर चढलेली माती दिसते; आणि उत्तर भारताचे विशाल मैदान कसे घडले, याची कल्पना येते.

हिमालय उंचावत असता त्याच्या दक्षिणेस भूपृष्ठ वाकून एक लांबलचक खोलगट भाग निर्माण झाला. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा व त्यांच्या उपनद्यांनी लक्षावधी वर्षे गाळ आणून तो भरून काढला. सुमारे २,४०० किलोमीटर लांबीचे हे मैदान इतके सपाट आहे, की अंबाल्यापासून बंगालच्या उपसागरापर्यंत किलोमीटरमागे उतार जेमतेम वीतभर भरतो.

तरीही ते सर्वत्र एकसारखे नाही. डोंगरपायथ्याशी दगडगोट्यांचा ‘भाबर’ पट्टा असून लहान ओढे त्यात लुप्त होतात. तेच पाणी खाली ‘तराई’त पुन्हा वर येते व भूमी दलदलीची होते. त्यापुढे पुराच्या पातळीहून उंच असलेली जुन्या गाळाची जमीन ती ‘भांगर’; तीत चुनखडीचे खडे, म्हणजे कंकर, सापडतात. नदीकाठी पुराने नव्या गाळाची भर पडते, ती सुपीक जमीन ‘खादर’.

म्हणजे पूर हाच या भूमीचा निर्माता! परंतु माणसाला स्थिर नदी हवी असते. कोसी नदी सुमारे दोन शतकांत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेस सरकली. १९५० नंतरच्या दशकात तिला बांधांनी आवरले. परिणामी गाळ शेतांत न पसरता बांधांमधील पात्रात साचू लागला व पात्र उंचावत गेले. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे बांध फुटला. नदी आपल्या जुन्या वाटांनी बिहारमध्ये उतरली आणि लाखो लोक निराधार झाले. बांध नसते तर दरसालचा पूर, आणि आहेत तर कधीतरी असा प्रलय! काठावरच्या शेतकऱ्याने कोणते संकट पत्करावे?

चंबळेकाठी प्रश्न नेमका उलट आहे. तेथे जुनी माती पावसाच्या ओहळांनी कापली जाऊन शेते बीहडांच्या पोटात जातात. काही शेतकरी घळी बुजवून जमीन सपाट करतात. पण बांधबंदिस्ती व गवताझाडांचे आच्छादन नसेल, तर ती भुसभुशीत माती पुन्हा वाहून जाण्याचे भय असतेच.

पाण्याने युगानुयुगे साठवलेली ही ठेव पाणीच हिरावून नेऊ शकते. ती राखायची, तर पाण्याची वाट ओळखूनच शेत आखावे लागेल आणि घर बांधावे लागेल, असे आम्हांस वाटते.