बदकांच्या नगरीचा अनाम चित्रकार

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात अमेरिकेतील मुले दरमहा दहा सेंट देऊन चित्रकथांचे एक मासिक विकत घेत. त्याच्या मुखपृष्ठावर वॉल्ट डिस्ने हे एकच नाव असे. १९५० नंतरच्या काही वर्षांत त्या मासिकाच्या तीस लाखांहून अधिक प्रती खपत असत. आतील कथा कोणी रचली, चित्रे कोणी काढली, याचा उल्लेख मात्र कोठेही नसे. हे सारे वॉल्ट डिस्ने एकटाच लिहितो आणि रेखाटतो, अशी कित्येक बालवाचकांची भाबडी समजूत होती. तथापि मुलांची नजर मोठी चोखंदळ असते. डोनाल्ड डक नावाच्या बदकाच्या काही कथा इतर कथांहून वेगळ्या आहेत, त्यांतील रेषा अधिक सजीव आहे, विनोद अधिक नेमका आहे आणि त्या पुनःपुन्हा वाचाव्याशा वाटतात, हे त्यांनी कोणी न सांगता ओळखले होते. नाव ठाऊक नसल्यामुळे या अज्ञात माणसाला ती आपापसांत ‘बदकांचा तो चांगला चित्रकार’ असे म्हणू लागली. त्या माणसाचे नाव होते कार्ल बार्क्स.

बार्क्सचा जन्म २७ मार्च १९०१ रोजी ऑरेगॉन राज्यातील मेरिल या गावानजीक एका शेतकरी कुटुंबात झाला. शेजार विरळ, शाळा लहान आणि सोबती थोडे. त्यातच त्याला लहानपणापासून ऐकू कमी येऊ लागले. वयाच्या पंधराव्या वर्षी आई गेली आणि शिक्षणही तेथेच संपले. चित्रकलेचा टपालाने चालणारा एक अभ्यासक्रम त्याने घेतला खरा, पण त्याचे थोडेसेच धडे पुरे झाले. पुढची कित्येक वर्षे पोटामागे धावण्यात गेली. शेती, लाकूडतोड, खेचरे हाकणे, छापखान्यातील हरकामे, रेल्वेच्या कारखान्यातील मेहनत, असे नाना उद्योग त्याने केले आणि एकातही त्याचा जम बसला नाही. अपयशाची ही शिदोरी पुढे त्याच्या फार उपयोगी पडली. त्याचा डोनाल्ड दर कथेत नवा धंदा सुरू करतो, त्यात काही काळ कमालीचे प्राविण्य मिळवतो आणि अखेर स्वतःच्याच अहंकारापायी तोंडघशी पडतो. हे ज्याने पाहिले आणि भोगले आहे, त्याचाच हा विनोद आहे.

१९३१ साली मिनिआपोलिस येथील एका चावट विनोदी मासिकात त्याला काम मिळाले आणि लेखणीवर पोट भरण्याची सोय झाली. १९३५ मध्ये तो लॉस एंजेलिसला डिस्नेच्या कार्टून-चित्रपटांच्या चित्रशाळेत दाखल झाला. तेथे त्याला मिळालेले काम अगदी खालच्या पायरीचे होते. ज्येष्ठ कलावंताने हालचालीची दोन मुख्य चित्रे काढावयाची आणि त्यांमधली असंख्य चित्रे कनिष्ठांनी भरून काढावयाची, अशी तेथील रीत होती. बार्क्सचे मन या कामात रमेना. तेव्हा त्याने एक युक्ती लिहून दिली. डोनाल्ड एका स्वयंचलित खुर्चीवर केस कापून घ्यावयास बसतो. खुर्ची त्याला उलटा धरते, शेपटीची हजामत करते आणि बुटांचे पॉलिश त्याच्या तोंडाला फासते. १९३७ च्या ‘मॉडर्न इन्व्हेन्शन्स’ या चित्रपटात हा प्रसंग आला, बार्क्सला त्याचे पन्नास डॉलर मिळाले आणि त्याची बदली कथाविभागात झाली.

१९४२ मध्ये त्याने चित्रशाळा सोडली. वातानुकूलित खोल्यांतील हवा त्याच्या नाकाला मानवत नव्हती आणि युद्धकाळातील प्रचारपटांचे कामही त्याला रुचत नव्हते. दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या प्रदेशात जाऊन कोंबड्या पाळाव्यात, असा त्याचा विचार होता. त्याच सुमारास डिस्नेच्या पात्रांची मासिके काढणाऱ्या वेस्टर्न या प्रकाशनसंस्थेला चित्रकार हवा होता. कोंबड्या मागे पडल्या आणि बदके उरली! १९४३ पासून दरमहा दहा पानांची एक कथा, शिवाय मधूनमधून दीर्घ साहसकथा, असा क्रम १९६६ मध्ये निवृत्त होईपर्यंत चालला. सुमारे पाचशे कथा आणि सहा हजारांहून अधिक पाने त्याच्या हातून निर्माण झाली. कथा त्याची, संवाद त्याचे, पेन्सिल त्याची आणि शाईही त्याचीच. मोबदला पानामागे ठरलेला असे. पुढे कितीही आवृत्त्या निघोत, त्यात त्याचा वाटा नव्हता. त्याची पत्नी गॅरे ही त्याला अक्षरे घालण्यात आणि पार्श्वभूमी रेखाटण्यात साहाय्य करू लागली. ती स्वतः निसर्गचित्रकार होती.

डोनाल्ड काही बार्क्सने निर्माण केला नाही. ते बदक १९३४ पासून पडद्यावर होते आणि त्याचे तीन भाचेही आधीचेच. परंतु पडद्यावरचा डोनाल्ड कर्कश, घोगऱ्या आवाजात काहीबाही कलकलाट करी. त्यातले निम्मे शब्दही कळत नसत. कागदावर आवाज नसतो. तेथे बार्क्सने त्याला स्वच्छ भाषा दिली. ज्याला बोलता येते त्याला विचारही करता येतो, लबाडी करता येते, लाजता येते, पश्चात्ताप करता येतो. निव्वळ चिडका प्राणी होता, त्याचा एक कर्जबाजारी, बढाईखोर, प्रेमळ गृहस्थ झाला. द्वाड भाचे हळूहळू मामाहून शहाणे झाले. त्यांच्या भोवती बार्क्सने डकबर्ग नावाचे नगर वसवले आणि त्यात फुकटच्या नशिबावर जगणारा ग्लॅडस्टोन, वेडगळ संशोधक गायरो, बीगल बॉईज ही दरोडेखोरांची टोळी आणि जादूगारीण मॅजिका अशी माणसे, म्हणजे अर्थात बदके, कुत्रे वगैरे, आणून ठेवली.

या सर्वांत अमर झाला तो अंकल स्क्रूज. १९४७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या एका नाताळकथेपुरता तो अवतरला. नाव डिकन्सच्या कृपण म्हाताऱ्यावरून घेतलेले आणि स्वभावही तसाच कडवट. एका कथेनंतर त्याला विसरून जाण्यास हरकत नव्हती. पण बार्क्सला त्यात काहीतरी दिसले असावे. १९५२ च्या ‘ओन्ली अ पुअर ओल्ड मॅन’ या कथेपर्यंत स्क्रूज पुरता बदलला होता. आता त्याच्या अवाढव्य कोठारातील प्रत्येक नाण्यामागे एक आठवण आहे. तो पैसा खर्चीत नाही आणि गुंतवण्यातही त्याला खरा आनंद नाही. तो त्यात सूर मारतो, पोहतो. दरोडेखोर त्याचे अनुकरण करू जातात तेव्हा त्यांची डोकी नाण्यांवर आदळतात. कंजूषपणाची चेष्टा करणाऱ्या कथा जगात उदंड आहेत, पण कंजूष माणसाचे एकटेपण इतक्या सहजतेने मुलांपुढे मांडणारी कथा विरळाच. १९८७ साली या पात्रांवर ‘डक टेल्स’ ही चित्रमालिका निघाली आणि पुढच्या दशकात दूरदर्शनवरून ती हिंदीत दाखवली गेली. तेव्हा भारतातील असंख्य घरांत स्क्रूज पोहोचला. त्याच्या कर्त्याचे नाव मात्र येथेही फारसे कोणाच्या कानी आले नाही.

बार्क्सच्या पानाची मांडणी साधी असे, बहुधा आठ चौकटी. दूरचे देश रंगवताना तो ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाचे जुने अंक पुढे ठेवी. स्वतः तो कोठेही गेला नव्हता, पण त्याचे पर्वत, त्याची गलबते आणि त्याचे भग्नावशेष पाहून हे कोणाला खरे वाटणार नाही. १९४९ ची ‘लॉस्ट इन द अँडीज’ ही कथा या संदर्भात पाहण्यासारखी आहे. डोनाल्ड एका वस्तुसंग्रहालयात झाडूवाल्यांच्याही तळाशी असलेला नोकर आहे. धूळ झटकताना त्याच्या हातून एक चौकोनी दगड पडतो आणि फुटतो. तो दगड नसून अंडे निघते. चौकोनी अंड्यांच्या शोधात मोहीम पेरू देशाकडे निघते. वाटेत वरिष्ठ मंडळी त्याच जुनाट अंड्यांचे ऑम्लेट खाऊन आजारी पडतात आणि हुकूम एकेक पायरी उतरत अखेर डोनाल्डवर येऊन थांबतो. कचेरीत काम केलेल्या कोणालाही ही पायऱ्यांची साखळी नव्याने समजावून सांगावयास नको! धुक्याने भरलेल्या एका दरीत त्याला चौकोनी माणसे भेटतात. पूर्वी येऊन गेलेल्या एका प्राध्यापकामुळे ती अमेरिकेच्या दक्षिणेकडील ढंगाची इंग्रजी बोलतात. तेथे गोल वस्तू निर्माण करणे हा अपराध आहे. भाच्यांनी बबलगमचे गोल फुगे फुगवल्यामुळे सर्वांवर खाणीत जन्मभर राबण्याची पाळी येते. सुटकेला उपाय एकच, चौकोनी फुगा. शेवटी ती मंडळी दोन चौकोनी पक्षी घेऊन परत येतात आणि तेव्हा कळते की दोन्ही कोंबडेच आहेत.

१९५४ ची ‘ट्राला ला’ हिमालयात घडते. पैशाच्या काळजीने स्क्रूजचे मज्जातंतू ढासळले आहेत, म्हणून जेथे पैसाच नाही अशा दरीत तो विश्रांतीस जातो. बरोबर औषधाच्या बाटल्या असतात. एका बाटलीचे झाकण कोणा गावकऱ्याला सापडते. ती दुर्मीळ वस्तू पाहून दुसऱ्याला हेवा वाटतो, तिसरा तिची किंमत देऊ करतो, आणि हां हां म्हणता ते झाकणच नाणे होऊन बसते. लोभ शमावा म्हणून स्क्रूज विमानांतून एक अब्ज झाकणे टाकण्याचा हुकूम देतो. झाकणे मातीमोल होतात, शेते त्यांखाली गाडली जातात आणि कालचे प्रेमळ गावकरी पाहुण्यांवर उलटतात. चलनवाढीचे मर्म शिकवण्यास अर्थशास्त्राच्या ग्रंथांना जेवढी पाने लागतात, त्यांच्या तुलनेत ही बावीस पाने फारच थोडी म्हटली पाहिजेत.

या कथांवर आक्षेपही घेतले गेले आहेत आणि ते अगदीच फोल नाहीत. १९७१ मध्ये चिलीत आरिएल डोर्फमन आणि आर्माँ मातलार या दोघांनी डोनाल्ड डक कसा वाचावा हे सांगणारे एक पुस्तक लिहिले. परके देश म्हणजे केवळ खजिन्याची जागा, तेथील माणसे म्हणजे बालबुद्धीची आणि आईबाप नसलेल्या या जगात सारे नाते पैशाचे, असा त्यांचा आरोप होता. १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्या देशात हे पुस्तक जाळण्यात आले. बार्क्सच्या काही कथांत आफ्रिकी माणसांची जी विद्रूप चित्रे आहेत, ती आज पाहवत नाहीत. परंतु ‘ट्राला ला’सारखी कथा वाचल्यावर दोष दरीतल्या माणसांचा की बाहेरून झाकण घेऊन आलेल्याचा, हा प्रश्न कथेतूनच उभा राहतो. टीकाकारांचा रोखही डिस्ने या नावावरच होता. स्तुती असो वा निंदा, हिशेब दुसऱ्याच्याच खात्यावर लिहिला जात होता.

संपादकांची कात्रीही त्याच्या वाट्याला आली. १९५३ च्या ‘बॅक टु द क्लोंडाइक’ या कथेत स्क्रूजच्या तारुण्यातील एका प्रेमाची गोष्ट आहे. त्यातील दारूच्या गुत्त्यातला दंगा दाखवणारी पाने मुलांना अनुचित म्हणून गाळण्यात आली. ती १९८१ मध्ये पुन्हा कथेत घातली गेली. या पानांचे नशीब थोर म्हणावयाचे, कारण बार्क्सच्या हातची बहुतेक मूळ चित्रे छपाई झाल्यावर प्रकाशकांनी नष्ट केली होती.

परदेशांत त्याची कीर्ती नावावाचूनच वाढत गेली. जर्मनीत एरिका फुक्स या विदुषीने १९५१ पासून या कथांचे भाषांतर केले आणि बदकांच्या तोंडी जर्मन अभिजात काव्यातील ढंग घातले. तेथील सुशिक्षित माणसे त्या ओळी आजही बोलण्यात वापरतात.

अमेरिकेत मुले मोठी झाली, पण तो हात ती विसरली नाहीत. काहींनी प्रकाशकांकडे विचारणा केली. अखेर १९६० मध्ये अशा एका तरुण वाचकाचे पत्र थेट बार्क्सच्या घरी पोहोचले. जवळजवळ साठ वर्षांच्या त्या बहिऱ्या गृहस्थाला आपल्या कथा कोणी जपून ठेवतो, हे तेव्हा प्रथम समजले. निवृत्तीनंतर, १९७१ मध्ये, बदकांची तैलचित्रे काढून विकण्याची परवानगी त्याला कंपनीकडून मिळाली आणि आपल्याच बदकांखाली स्वतःची सही करण्याची संधी आली. १९७६ मध्ये ती परवानगी काढून घेण्यात आली. तेव्हा त्याने इतिहासातील थोर व्यक्तींनाच बदकांचे रूप देऊन रंगवावयास घेतले. काही वर्षांनी परवानगी पुन्हा मिळाली.

१९९४ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. अकरा देशांत त्याच्यापुढे वाचकांच्या रांगा लागल्या. २५ ऑगस्ट २००० रोजी ऑरेगॉनमधील ग्रँट्स पास या गावी त्याचे निधन झाले. २०११ पासून त्याच्या कथांचा समग्र संग्रह खंडशः प्रसिद्ध होऊ लागला. पहिला खंड चौकोनी अंड्यांच्या कथेचा निघाला आणि त्याच्या मुखपृष्ठावर डिस्नेच्या नावाबरोबर कार्ल बार्क्स हे नाव छापलेले होते.