एकही पुस्तक छापलं नाही, तरी फ्रेंच साहित्यात अजरामर झाली. कोण होती मादाम द सेव्हिन्ये?

सप्टेंबर १६६१. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने आपल्याच अर्थमंत्र्याला अटक करायला लावली. मंत्र्याचं नाव निकोला फुके. त्याच्या घराची झडती झाली आणि एक पेटी सापडली. पेटीत पत्रं होती, त्यातली बरीचशी बायकांनी लिहिलेली.

आज एखाद्याचे चॅट लीक झाले की जे होतं, तेच तेव्हा झालं. कोणाकोणाची पत्रं निघाली, याची दरबारात कुजबुज सुरू झाली. त्यात एक नाव होतं मादाम द सेव्हिन्ये.

तिच्या पत्रांत लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पण ती ३५ वर्षांची होती, विधवा होती आणि एकटी राहत होती. बदनामीला एवढं पुरेसं होतं. तिच्या मित्रांना ठिकठिकाणी जाऊन तिची बाजू मांडावी लागली.

दुसरी कोणी असती, तर तिने पत्र लिहिणंच सोडलं असतं. हिने मात्र आयुष्यभर पत्रं लिहिली आणि त्याच पत्रांनी तिला फ्रान्सच्या मोठ्या लेखकांच्या रांगेत बसवलं.

पंचविशीत विधवा, पुन्हा लग्न नाही

तिचं माहेरचं नाव मारी द राब्युताँ-शाँताल. जन्म १६२६ चा, पॅरिसमधला. वडील ती दीड वर्षाची असताना लढाईत गेले, सातव्या वर्षी आई गेली. आजोळच्या माणसांनी तिला वाढवलं आणि चांगलं शिकवलं.

१६४४ मध्ये ब्रिटनी प्रांतातल्या मार्की द सेव्हिन्ये या सरदाराशी तिचं लग्न झालं. नवरा उधळ्या आणि बाहेरख्याली. १६५१ मध्ये एका दुसऱ्या बाईवरून झालेल्या द्वंद्वयुद्धात तो मारला गेला. मागे राहिली २५ वर्षांची मारी, एक मुलगी आणि एक मुलगा.

आता त्या काळातला कायदा बघा. मुलगी बापाच्या ताब्यात, लग्न झालं की नवऱ्याच्या. स्वतःची मालमत्ता सांभाळणं, करारावर सही करणं, हे हक्क सहसा विधवेलाच मिळायचे. म्हणजे पुन्हा लग्न केलं, तर हे सगळं पुन्हा नवऱ्याच्या हातात.

तिने पुन्हा लग्न केलं नाही. मामा असलेल्या एका धर्मगुरूच्या मदतीने नवऱ्याने विस्कटलेले पैशांचे व्यवहार तिने मार्गी लावले. हिवाळा पॅरिसमध्ये, मधूनमधून ब्रिटनीतल्या जमिनीवर, असं तिचं स्वतःचं वेळापत्रक होतं.

या स्वातंत्र्याची किंमतही होती. बुसी-राब्युताँ हा तिचा चुलत नात्यातला भाऊ. त्याला हवे तेव्हा पैसे मिळाले नाहीत, म्हणून त्याने आपल्या लेखनात तिचं खोचक व्यक्तिचित्र रंगवलं. ते हातोहात फिरलं आणि १६६५ मध्ये छापलंही गेलं. पुढे दोघांचं जमलं, पण तिने ते त्याला सहज विसरू दिलं नाही.

बातमीदार, पण वर्तमानपत्राशिवाय

१६६४ च्या अखेरीस फुकेचा खटला उभा राहिला. राजाच्या रागाला सगळे घाबरत होते. सेव्हिन्ये मात्र जवळजवळ रोज त्या खटल्याचा वृत्तांत लिहून पॅरिसबाहेर असलेल्या एका मित्राला पाठवत होती. कोणत्या न्यायाधीशाने काय विचारलं, आरोपीने कसं उत्तर दिलं, सगळं त्यात होतं. फुकेला नेताना एकदा तरी पाहता यावं, म्हणून ती चेहऱ्यावर मुखवटा चढवून उभी राहिली होती.

न्यायालयाने फुकेला हद्दपारीची शिक्षा दिली. राजाने ती बदलून जन्मठेप केली.

१६७१ चा किस्सा आणखी प्रसिद्ध आहे. शाँतियी इथे राजासाठी मोठी मेजवानी होती. व्यवस्था पाहणाऱ्या व्हातेलला वाटलं, मासळी वेळेवर पोहोचणार नाही. अपमान सहन होणार नाही म्हणून त्याने तलवारीने जीव दिला. थोड्याच वेळात मासळीच्या गाड्या आल्या. सेव्हिन्ये तिथे नव्हती. पण ऐकलेली हकीकत तिने अशी लिहिली की व्हातेलचं नाव निघालं की आजही आधी तिचंच पत्र आठवलं जातं.

सगळं लिहिलं ते मुलीसाठी

तिची मुलगी फ्राँस्वाझ-मार्गरित हिचं १६६९ मध्ये काउंट ग्रिन्याँशी लग्न झालं. त्याला प्रोव्हाँस प्रांताचा कारभार मिळाला आणि फेब्रुवारी १६७१ मध्ये मुलगी तिकडे निघून गेली. पॅरिसपासून अंतर सुमारे ६०० किलोमीटर.

आईच्या जिवाची घालमेल सुरू झाली. टपाल आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशीच निघायचं. त्या दिवसांवर तिचं आयुष्य चालू लागलं. पत्र उशिरा आलं की काळजी, वेळेवर आलं की लगेच उत्तर. दरबारातल्या बातम्या, नवी केशरचना, मुलीची बाळंतपणं, स्वतःचा संधिवात, सगळं त्यात होतं. आज तिची ११०० हून अधिक पत्रं उपलब्ध आहेत. त्यातली निम्म्याहून जास्त मुलीला लिहिलेली आहेत.

तिच्या नजरेला मर्यादाही होत्या. १६७५ मध्ये ब्रिटनीत करांविरुद्ध बंड झालं आणि सैन्याने शेतकऱ्यांना फाशी दिलं. त्याबद्दल तिने काही ठिकाणी इतक्या हलक्या सुरात लिहिलं आहे की वाचताना अंगावर काटा येतो. स्वतःसाठी स्वातंत्र्य मिळवणारी ही बाई शेवटी सरदारवर्गातलीच होती.

पत्रं छापली गेली, पण एकाच बाजूची

सरदार घराण्यातल्या बाईने पुस्तक छापणं तेव्हा शोभणारं मानलं जात नसे. तिची जिवलग मैत्रीण मादाम द लाफायेत हिनेही १६७८ ची आपली गाजलेली कादंबरी नाव न घालताच छापली. सेव्हिन्येने तर काहीच छापलं नाही. तिची पत्रं ओळखीच्या लोकांत वाचली जायची, तेवढंच.

१६९६ मध्ये मुलीच्या घरी, ग्रिन्याँमध्ये तिचं निधन झालं. १७२५ पासून तिची पत्रं परवानगीशिवाय छापून येऊ लागली. तेव्हा नात पोलिन हिने अधिकृत आवृत्ती काढायला लावली, पण घराण्याची अब्रू राखण्यासाठी त्यात बरीच काटछाट झाली. मुलीने आईला लिहिलेली पत्रं तर नष्टच करण्यात आली. १८७३ मध्ये दिजाँ शहरात एक जुनी हस्तलिखित प्रत सापडली, तेव्हा कुठे मूळ मजकुराचा मोठा भाग वाचायला मिळाला.

पॅरिसमध्ये १६७७ पासून ती ज्या कार्नाव्हाले वाड्यात भाड्याने राहायची, तिथे आज शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. तिची पत्रं आजही वाचली जातात. मुलगी त्यावर काय म्हणाली, हे मात्र आईच्या उत्तरांवरूनच ओळखावं लागतं.